ऑन-रोड आरसी कार रेसिंग, गोव्यातून सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर येणारे आणि रविवारी गाड्या चालवताना कुंपणापलीकडून विचारले जाणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. हे सगळं विजेवर चालणाऱ्या ऑन-रोड आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, गाड्यांबद्दल आहे. बग्गी, क्रॉलर, ड्रोन यांचा संसार वेगळा.

१. ऑन-रोड रेसिंग म्हणजे नक्की काय? म्हापशाच्या बाजारात मिळते ती रिमोटची गाडी घेऊन सुरुवात केली तर?

डांबर, काँक्रीट किंवा हॉलमधलं कार्पेट अशा सपाट जागेवर आखलेल्या ट्रॅकवरची ही शर्यत. गाड्या जमिनीपासून जेमतेम पाच-सहा मिलिमीटर वर चालतात. उड्या, चिखल, वाळू हा ऑफ-रोडवाल्यांचा प्रांत.

बाजारातल्या खेळण्यात स्टिअरिंगला बहुतेक वेळा तीनच जागा असतात: पूर्ण डावीकडं, सरळ, पूर्ण उजवीकडं. छंदाच्या गाडीत तुम्ही चाक जितकं फिरवाल तितकीच गाडी वळते, आणि सगळी रेस त्या 'तितकीच'वर चालते. दुसरं म्हणजे सुटे भाग. खेळण्याचा चाक धरणारा एक हात मोडला की ते भंगारात जातं. छंदाच्या गाडीचा तोच भाग वेगळा विकत मिळतो.

२. १/१०, १/१२, १/२८ हे आकडे कसले?

खऱ्या गाडीच्या तुलनेतलं माप. १/१० टूरिंग कार हा जगभर सगळ्यात जास्त चालणारा वर्ग: साधारण १९० मिमी रुंद, पुढच्या-मागच्या चाकांत २५७ मिमीच्या आसपास अंतर. याच मापात छोट्या व्हीलबेसच्या (चाकांतल्या याच अंतराच्या) एम-चासी गाड्याही येतात. १/१२ म्हणजे सपाट पत्र्यासारखी, मागच्या चाकांवर चालणारी पॅन कार. ती नवख्यानं आधी घेऊ नये, खडबडीत डांबरावर तिचा निभाव लागत नाही. १/२८ म्हणजे तळहातावर मावणारी क्योशो मिनी-झेड आणि तिची भावंडं, ती घरातही चालतात. १/८ ऑन-रोड प्रामुख्यानं नायट्रो इंधनावर चालते. आवाज आणि इंधनाची जुळवाजुळव पाहता आपल्याकडच्या वाड्यावर तो उद्योग नको.

३. मग पहिली गाडी कोणती घेऊ?

जागा मोकळी मिळत असेल तर टामियाची टीटी-०२. २०१३ पासून बाजारात आहे, चारही चाकं शाफ्टवर चालतात, आणि चासी (गाडीचा सांगाडा) टबासारखी बंद असल्यामुळं खडे आत कमी जातात. महागडी बेल्ट-ड्राइव्ह रेसिंग चासी सुरुवातीला घेऊ नका. ती वेगवान असतेच, पण आपल्याकडच्या पार्किंगमधला एखादा खडा बेल्टमध्ये गेला की दिवस संपला.

जागा नसेल, फ्लॅटमध्ये राहत असाल, किंवा गाडी मुलासाठी हवी असेल तर १/२८.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आसपासचे लोक जी चालवतात ती घ्या. फोंड्यात चौघांकडं टीटी-०२ असताना तुम्ही पाचवी वेगळी आणलीत, तर सुटा भाग उसना मिळणार नाही आणि सेटअप विचारायलाही कुणी नाही.

४. किट घेऊ की तयार गाडी?

किट. दोन-तीन संध्याकाळी जोडण्यात जातील, पण नंतर गाडी मोडते तेव्हा (आणि ती मोडतेच) कुठला स्क्रू कुठं आहे ते हाताला ठाऊक असतं.

जोडताना चार गोष्टी सांभाळा. टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं त्यांची डोकी झिजतात, म्हणून जेआयएस ड्रायव्हर आधीच घ्या. बेसिक किटमध्ये प्लॅस्टिकचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) येतात, त्यांच्या जागी जोडणी करतानाच बॉल बेअरिंग बसवा. आपल्या तांबड्या मातीची पूड बुशमध्ये शिरली की महिन्याभरात चाक डुगडुगायला लागतं. धातूत धातू बसतो तिथं, विशेषतः पिनियनच्या (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) ग्रब स्क्रूला, थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब हवा. प्लॅस्टिकला तो लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

आणि बॉडी. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, तीही पॉलिकार्बोनेटसाठीच्या रंगानं. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे पहिल्या धडकेला सोलून निघतो. आतून रंगवत असल्यामुळं गडद रंग आधी, फिकट मागून.

५. गाडीशिवाय आणखी काय लागतं? पैसे कुठं घालावेत?

रिमोट आणि रिसिव्हर, स्टिअरिंगचा सर्व्हो, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी (काही किटमध्ये येतो, खोक्यावर पाहा), दोन बॅटऱ्या, चार्जर, टायरचा एक जादा जोड.

माझा क्रम असा: आधी चांगला बॅलन्स चार्जर (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणारा), मग टायर, मग बरा रिमोट, मग सर्व्हो. मोटर शेवटी. लोक बरोब्बर उलटं करतात. चार्जर आणि रिमोट पुढच्या तीन गाड्यांना पुरतात. जलद मोटर नवख्याला फक्त कुंपणापर्यंत लवकर पोचवते. ॲल्युमिनियमचे निळे-लाल भाग इंटरनेटवर फार सुंदर दिसतात. धडकेत प्लॅस्टिक वाकून परत जागेवर येतं, ॲल्युमिनियम वाकलेलंच राहतं.

६. गोव्यात चालवायची कुठं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गाड्या पैसे टाकले की मिळतात, गुळगुळीत जागा मिळत नाही. कायमच्या ट्रॅकची वाट पाहत बसू नका, तात्पुरता ट्रॅक तासाभरात लागतो.

१/१० ला वीस-पंचवीस मीटरची एक सरळ आणि अडीच-तीन मीटर रुंदीची वाट मिळाली तरी भरपूर झालं. शाळेचं काँक्रीटचं बास्केटबॉल कोर्ट उत्तम. कुंडई, बेतोडा, वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींत रविवारी कारखान्यांची आवारं रिकामी असतात. ओळखीच्या मालकाला विचारा, आणि विचारताना गाडी सोबत न्या. "रिमोटची गाडी" म्हटलं की लोकांना पेट्रोलचा आवाज आठवतो. विजेची गाडी चालवून दाखवली की अर्धं काम होतं. परवानगी लेखी घ्या, वेळ लिहा, आणि निघताना केर काढून जागा आधीपेक्षा स्वच्छ करा. दुसऱ्यांदा परवानगी त्यावरच मिळते.

आखणीसाठी बागेचे जुने रबरी पाईप सगळ्यात बरे: गाडी आदळली तरी मोडत नाही आणि पाईप सरकतो. कोपऱ्यावर वीट किंवा चिरा ठेवू नका. जागा आधी खराट्यानं, मग मऊ झाडूनं झाडा. वळणांवर बारीक वाळूचा थर राहिला तर कुठलाही टायर पकड घेत नाही. परदेशात काही ठिकाणी पार्किंगमधल्या ट्रॅकवर पकड वाढवायला साखरेचं पाणी मारतात. चालतं ते खरं, पण इथं मुंग्यांची वरात येईल आणि जागेचा मालक पुन्हा दारात उभं करणार नाही.

भटक्या कुत्र्यांची सोय आधीच बघा. फाटक बंद होईल अशीच जागा निवडा.

७. आमच्या घरासमोर नवीन हॉटमिक्स रस्ता झालाय. तिथंच चालवली तर?

नको. दीड किलोची गाडी ताशी चाळीसच्या वेगानं स्कूटरच्या पुढच्या चाकाखाली गेली तर माणूस पडतो. लहान मुलाच्या घोट्याला लागली तर हाड मोडू शकतं. रस्ता कितीही सुनसान वाटला तरी पाववाल्याची सायकल नेमकी तेव्हाच येते.

८. आणि मिरामारला? वाळू ओली असली की घट्ट असते.

पाच मिलिमीटर उंचीची गाडी वाळूवर पोटावर बसते. बारीक वाळू आणि मीठ मोटर, बेअरिंग, गिअर सगळीकडं शिरतं. समुद्रकाठासाठी बग्गी घ्या, आणि तीही त्याच संध्याकाळी धुवायची तयारी ठेवा.

९. टायर कुठले? किटमधले चालतील का?

पहिले दोन-तीन रविवार चालतील. पुढं रबराचे, रिमवर आधीच चिकटवून येणारे टायर घ्या. बऱ्याच कंपन्या त्यांवर ३२, ३६, ४० असे आकडे घालतात: आकडा मोठा तितका टायर जास्त गरम पृष्ठभागासाठी. युरोपातल्या कुणाच्या सल्ल्यानं २४ किंवा २८ चे मऊ टायर मागवू नका. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आपलं डांबर हात टेकवता येणार नाही इतकं तापतं. त्यावर मऊ टायर दोन मिनिटं घट्ट धरतो आणि मग लोण्यासारखा पसरतो. उन्हाळ्यात ३६ पासून सुरुवात करा, डिसेंबरच्या सकाळी ३२ चालून जातो.

गाडी नीट चालत नाही अशी तक्रार आली की मी स्प्रिंगला हात लावायच्या आधी टायर उलटा करून बघतो. आतल्या कडेला झीज जास्त दिसली तर चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, जास्त आहे. एक ते दोन अंशांत ठेवा. टायरवर तांबडा थर दिसला तर तुमचा ट्रॅक घाण आहे, गाडी नाही.

गटात सगळ्यांनी एकाच कंपनीचा, एकाच आकड्याचा टायर ठरवून टाका. रेस बरोबरीची होते आणि खर्चही निम्म्यावर येतो.

१०. मोटरवर २१.५, १७.५, १३.५ लिहिलेलं असतं. कुठली घेऊ?

हे ब्रशलेस मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांचे आकडे. वेढे कमी, वेग जास्त. सुरुवात किटमधल्या साध्या ५४० ब्रश मोटरवर करा. टीटी-०२ त्या मोटरवर मूळ गिअरिंगसह (२२ दातांचं पिनियन, त्याला लागून फिरणारा ७० दातांचा स्पर, एकूण गुणोत्तर ८.२७) पंचवीस-तीसच्या वेगानं धावते. ऐकायला कमी वाटतं, पण छोट्या ट्रॅकवर पहिल्या वळणाला पुरतं. पाच मिनिटं कुठंही न आदळता चालवता आली की २१.५ किंवा १७.५ चा विचार करा.

पिनियन मोठं केलं की वेग वाढतो आणि मोटर तापते. पाच मिनिटांच्या फेरीनंतर मोटरवर बोट पाच सेकंद टेकवता आलं नाही, तर एक दात कमी करा. आपल्याकडच्या उन्हात हे जरा आधीच होतं.

११. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीला आग लागते म्हणतात. खरं का?

चुकीची हाताळली तर लागते. नीट हाताळली तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

एका सेलचं पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, म्हणजे दोन सेलच्या ७.४ व्होल्ट पॅकचं ८.४. सेल ३.२ च्या खाली जाऊ देऊ नका. ईएससीत लिपोचं कटऑफ आहे का ते पाहा; काही किटसोबत येणाऱ्या ईएससीत ते नसतं, आणि मग पॅक मरेपर्यंत गाडी चालत राहते. चार्ज करताना करंट पॅकच्या क्षमतेइतका: ४००० एमएएचला ४ अँपिअर, आणि बॅलन्सची वायर नेहमी लावलेली. चार्जिंग फरशीवर किंवा कौलावर, पलंगावर कधीच नाही, आणि घरात कुणी जागं असताना. फुगलेला पॅक वापरू नका, टोचू नका, पंचायतीच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

चवथीला आठवडाभर गावी जाताय? मग पॅक पूर्ण चार्ज करून ठेवू नका. चार्जरमध्ये 'स्टोरेज' पर्याय असतो, तो सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणतो. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत पॅक ठेवायचा नाही.

टीटी-०२ वाल्यांनी एक पाहून घ्या: तिचा बॅटरीचा खाचा गोल कडांच्या पॅकसाठी आहे. चौकोनी हार्डकेस लिपो त्यात बसत नाही, गोल कडांचा मागा. लिपोची धास्ती वाटत असेल तर ७.२ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकनं सुरुवात करा. जड आहे, पण सोशिक.

१२. पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

जून ते सप्टेंबर बाहेरचं विसरा. हॉलच्या फरशीवर १/२८ चालवा. फोमचे जोडायचे तुकडे टाकून ट्रॅक होतो. "वॉटरप्रूफ" लिहिलेला ईएससी पाणी सोसतो, पण बेअरिंग आणि स्क्रू सोसत नाहीत.

मोठी गाडी ठेवायच्या आधी बेअरिंग काढून पुसा, पातळ तेलाचा एक थेंब घाला, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांचे स्क्रू डिचोली-साखळीवाल्यांच्या आधी गंजतात. टायर दबून चपटे होऊ नयेत म्हणून गाडी चाकांवर नको, चासीखाली ठोकळा देऊन ठेवा. आणि बॉडी रंगवायचं काम जुलैत काढू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा येते.

१३. गाडी माझ्याकडं येत असली की डावं-उजवं उलटं होतं. यावर उपाय?

सगळ्यांचं होतं. मनातल्या मनात गाडीत बसा, हा सल्ला ऐकायला छान, पण उपयोग सरावाचाच. दोन करवंट्या चार मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, अर्ध्या वेगानं. रिमोटमध्ये थ्रॉटलची (वेगाच्या चापाची) कमाल मर्यादा पन्नास टक्क्यांवर आणता येते, ती आणा. एक बॅटरी रोज, आणि दोन आठवड्यांत हात आपोआप वळतो. उभं राहायला जरा उंच जागा घ्या, कठडा किंवा पायरी. वरून ट्रॅक सपाट न दिसता उलगडलेला दिसतो.

१४. वळणातून बाहेर पडताना गाडी गर्रकन फिरते. सेटअप बदलू?

आधी बोट बदला. गाडी सरळ व्हायच्या आत थ्रॉटल पूर्ण दाबला जातोय का ते मित्राला बघायला सांगा. मग टायर (प्रश्न ९). मग मागची दोन्ही चाकं मोकळी फिरतात का आणि मागचा एखादा डँपर (धक्के शोषणारा भाग) अडकलाय का ते पाहा. बेसिक टीटी-०२ मध्ये तेल नसलेले फ्रिक्शन डँपर येतात. तेलाचे बसवणं ही त्या गाडीवरची पहिली सार्थकी लागणारी सुधारणा. खडबडीत जागेत चासी सहा-सात मिमीपर्यंत उचला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

१५. रेसच्या दिवशी नेमकं काय होतं?

आधी पात्रता फेऱ्या, साधारण पाच मिनिटांच्या. त्यांवरून सगळ्यांचे गट पडतात. वेगवान मंडळी ए फायनलमध्ये, मग बी, सी. मोठ्या स्पर्धांत गाडीत ट्रान्सपॉन्डर (गाडीची ओळख पाठवणारं छोटं उपकरण) असतो आणि ट्रॅकखालची तार प्रत्येक फेरी मोजते. आपल्याकडं वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं.

तुमची फेरी संपली की पुढच्या फेरीत तुम्ही मार्शल: उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. चहा प्यायला गायब होणारा माणूस गटात फार दिवस टिकत नाही. दुसऱ्याला मागून धडकून फिरवलंत तर थांबा, त्याला पुढं जाऊ द्या. एक फेरी मागं असाल तर वेगवान गाडीला सरळ भागात वाट द्या, वळणात अचानक ब्रेक मारून नव्हे.

चालू करताना रिमोट आधी, गाडी मागून. बंद करताना गाडी आधी. रिसिव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर गाडीनं काय करायचं ती सेटिंग) ब्रेकवर लावा. सिग्नल तुटल्यावर पूर्ण थ्रॉटलनं पळणारी गाडी थेट बघ्यांत शिरते.

१६. आठ वर्षांच्या मुलाला देऊ का?

द्या, १/२८. थ्रॉटलची मर्यादा प्रश्न १३ मध्ये सांगितली तशी, चार्जिंग मात्र मोठ्यांनीच करायचं. डावखुऱ्यांना (मुलं असोत वा मोठी) पिस्तुलासारखा रिमोट उलटा पडतो. काही मॉडेलांत चाक दुसऱ्या बाजूला बसवता येतं, ते बघून घ्या.

१७. बाबांनी कुवेतहून आणलेली जुनी टामिया पोटमाळ्यावर सापडली. तीच चालवू?

आधी फोटो काढून ठेवा. टामियाची पहिली रिमोट गाडी १९७६ ची पोर्शे ९३४, आणि ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना आज संग्राहक आहेत. प्लॅस्टिक इतक्या वर्षांत ठिसूळ झालेलं असतं. रेसमध्ये घातलीत तर पहिल्या धडकेत अशी गोष्ट मोडेल की जी परत मिळायची नाही.

चालवून बघायचीच असेल तर जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी बाजूला काढा, तिच्यातून पांढरी पूड आली असेल तर उघड्या हातानं शिवू नका. रिमोट क्रिस्टलचा, २७ मेगाहर्ट्झचा असेल. एकाच क्रिस्टलवर दोघं आले की एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी चालवतो. २.४ गिगाहर्ट्झचा संच बसवा, भानगड मिटते.

१८. परदेशातून मागवलं तर स्वस्त पडतं ना?

संकेतस्थळावरच्या किमतीत पडतं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मॉडेल गाड्या त्याच प्रकरणात धरल्या जातात, वर कर आणि कुरियरचा आकार. मागवण्याआधी चालू दर पाहा. रिमोटचं वेगळंच: २.४ गिगाहर्ट्झ वापरायला परवाना लागत नाही, पण आयात उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते, आणि एकट्यानं मागवलेलं पार्सल तिथं अडकतं. म्हणून रिमोट आणि लिपो भारतातल्या दुकानातून, सुटे भाग वाटल्यास बाहेरून.

१९. सर्व्होसोबत जायरो (स्टिअरिंग आपोआप सावरणारं उपकरण) लावला तर गाडी सरळ जाते. चालेल का?

सरावाला तुमची मर्जी. ऑन-रोड रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जायरो आणि ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, आणि बहुतेक क्लब तेच पाळतात. ड्रिफ्टमध्ये (गाडी मुद्दाम घसरवत चालवायच्या प्रकारात) जायरो सर्रास असतो. त्या गाड्यांचे कडक प्लॅस्टिकचे टायर मुळात घसरण्यासाठी असतात, तेव्हा ड्रिफ्टची गाडी घेऊन रेसला येऊ नका.

२०. पुण्या-बंगळूरला स्पर्धेला जायचं तर बॅटऱ्या विमानातून नेता येतात?

येतात, फक्त केबिन बॅगेत. चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या नाहीत, मग दाबोळी असो की मोपा. मर्यादा प्रति बॅटरी १०० वॅट-अवर, ७.४ व्होल्ट आणि ५००० एमएएचचा गुणाकार ३७ येतो, म्हणजे आपण आरामात आत. पॅकवरचं लेबल खरवडलेलं नको, तपासणीत आकडा वाचता आला पाहिजे. प्रत्येक पॅकच्या टोकांना टेप, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, चार्ज स्टोरेजवर (प्रश्न ११). किती पॅक नेता येतील ते विमान कंपनीच्या नियमांत पाहा.

तिथल्या आयोजकांची नियमावली निघण्याआधी मागवून घ्या: टायर कुठला, मोटर कुठली, वजन किती, ट्रान्सपॉन्डर आपला लागतो की भाड्यानं मिळतो. तांत्रिक तपासणीत बॅटरी ८.४ च्या वर दिसली की परत पाठवतात. आणि इथलं पिनियन तिथल्या लांब सरळीवर लहान पडतं, दोन-तीन मापांची पिनियन सोबत घ्या.